नंदिवर्धनाची पांढर: रोजनिशीतील पाने

१३ नोव्हेंबर २०२४, बुधवार. जरीपटका, नागपूर

कार्तिक शुद्ध द्वादशी. आजपासून तुळशीची लग्ने. सकाळी बाजारात ऊस, बोरे, चिंचा, आवळे यांचे ढीग रस्त्यावरच आलेले. जरीपटक्यात या दिवसांत दोन सणांची गडबड एकदम असते. आमच्याकडे वृंदावनाला गेरू लावण्याची घाई आणि सिंधी घरांत गुरुनानक जयंतीची. पहाटे प्रभातफेरीच्या ढोलकीनेच जाग आली.

या तिथीला मी म. म. वा. वि. मिराशींचे 'वाकाटक नृपति आणि त्यांचा काळ' काढून वाकाटक राणी प्रभावतीगुप्तेचा पुणे ताम्रपट वाचते. दानलेख याच तिथीचा आहे. प्रबोधिनी एकादशीचा उपवास सोडताना भगवंताच्या चरणांशी निवेदन करून तिने दंगुण नावाचे गाव चनालस्वामी या आचार्याला दिले. दंगुण म्हणजे आजचे हिंगणघाट, असे मिराशींचे मत. लेख निघाला नंदिवर्धनाहून, आणि नंदिवर्धन म्हणजे रामटेकजवळचे नगरधन. माझ्या घरापासून चाळीसेक किलोमीटर.

ताम्रपट मिळाला तो मात्र पुण्यात, एका तांबटाकडे. ते घराणे मूळचे नगरचे. विदर्भातल्या राणीचा लेख तिथवर कसा पोचला असेल कोण जाणे, पण तांबटाच्या घरात असूनही तो भट्टीत गेला नाही, हे आपले नशीब. काशीनाथ बापूजी पाठकांनी तो वाचला आणि वाकाटकांचा काळ ठरवायला पहिला भक्कम आधार मिळाला. ही बाई दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी, हे त्यात स्वच्छ लिहिले होते. त्यामुळे तिचे सासर, म्हणजे आपला विदर्भ, गुप्तांच्या कालगणनेला जोडता आले. चौथ्या शतकाची अखेर आणि पाचव्याची सुरुवात.

लेखाची सुरुवात वाचताना मी दर वेळी थबकते. वंशावळ सासरची नाही, माहेरची आहे. घटोत्कच, पहिला चंद्रगुप्त, समुद्रगुप्त, दुसरा चंद्रगुप्त, मग नागकुळातली आई कुबेरनागा, आणि मग ती स्वतः. गोत्रही माहेरचे, धारण. नवरा रुद्रसेन दुसरा लवकर गेलेला. मुलगा दिवाकरसेन तेराव्या वर्षीही युवराजच, महाराज नव्हे. म्हणजे निदान तेरा वर्षे राज्याचा गाडा या बाईने ओढला होता. आपल्या शाळेच्या पुस्तकांत तिला मिळतात एक-दोन ओळी. मी वर्षानुवर्षे त्या दोन ओळी शिकवल्या आणि पुढचा तास तिच्याबद्दल बोलण्यात घालवला.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

भाची बर्मिंगहॅमला असते. सुटीत मुलांना घेऊन जवळच्या टॅमवर्थला गेली होती. आज फोटो आले, खाली लिहिलेले, "मावशी, तुझ्या कामाची बाई सापडली."

फोटोत टेकाडावर दगडी किल्ला आणि त्याच्या पायथ्याशी एका बाईचा पुतळा. हातात तलवार, जवळ एक लहान मुलगा. ती एथेलफ्लेड, वेसेक्सच्या आल्फ्रेड राजाची मुलगी, मर्सिया राज्यात दिलेली. डेन लोकांच्या स्वाऱ्यांनी मर्सिया खिळखिळे झाले होते. ९११ मध्ये नवरा वारला आणि कारभार तिच्याकडे आला. तिने गढ्यांची साखळीच उभी केली. ९१३ मध्ये टॅमवर्थ आणि स्टॅफर्ड, ९१४ मध्ये वॉरिक. ९१७ मध्ये डेनांच्या ताब्यातले डर्बी घेतले. १२ जून ९१८ रोजी टॅमवर्थलाच वारली.

तिचे सॅक्सन लोक अशा गढीला 'बर्ह' म्हणत. खंदक खणायचा, त्याचीच माती आत टाकून तट उचलायचा, त्याला लाकडाचा आधार द्यायचा. आत वस्ती, बाजार, देऊळ. दगडी किल्ले नंतरचे, १०६६ नंतर आलेल्या नॉर्मन लोकांचे. भाचीच्या फोटोतला किल्लाही नॉर्मनांचाच. एथेलफ्लेडचा तट जमिनीवर जवळजवळ दिसतच नाही. तिच्या बांधकामाला हजार वर्षे झाली तेव्हा, १९१३ मध्ये, गावाने तिचा पुतळा उभारला. जवळचा मुलगा म्हणजे भाचा अथेलस्टन, पुढे इंग्लंडचा राजा झाला.

प्रभावती तिच्या पाचशे वर्षे आधीची. दोघींची तुलना ताणण्यात अर्थ नाही. एकीने लढाया मारल्या, दुसरीच्या लढाईचा उल्लेख कुठे नाही. एथेलफ्लेडच्या मुलीला तिच्या मामाने काही महिन्यांतच सत्तेवरून दूर केले, तर प्रभावतीचा दुसरा मुलगा दामोदरसेन प्रवरसेन या नावाने राज्यावर आला आणि त्याने दीर्घकाळ राज्य केले. तरी एक गोष्ट मनात बसली. टॅमवर्थला जाणारा माणूस नॉर्मन किल्ला पाहायला जातो आणि पायथ्याशी त्याला सॅक्सन बाई भेटते. नगरधनला जाणारा भोसलेकालीन किल्ला पाहतो, फोटो काढतो आणि परत येतो. तिथे त्याला कोणीच भेटत नाही.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

त्रिपुरी पौर्णिमा. रामटेकला आज यात्रा, मध्यरात्री गडावर त्रिपुर जळेल. इकडे जरीपटक्यात गुरुनानक जयंतीचा लंगर. दुपारी शेजारच्या दादी प्रसाद घेऊन आल्या. फाळणीत सक्करहून आल्या तेव्हा अगदी लहान होत्या. सगळे आयुष्य याच वस्तीत गेले, मराठी उत्तम समजते, बोलतात मात्र आमची नागपुरी हिंदी.

टेबलावर पुस्तके पसरलेली पाहून त्यांनी विचारले, "टीचर, अब कौन सा किला?" मी नगरधनचे सांगितले. त्यांनी जरा वेळ ऐकले आणि म्हणाल्या, "हमारे उधर भंभोर है। ससुई का गाँव।"

ससुई-पुन्हूची गोष्ट सिंधी घरातल्या प्रत्येक म्हातारीला येते. शाह अब्दुल लतीफ यांनी ती गाऊन अजरामर केली. पण भंभोर ही खरीच तटबंदीची जागा आहे. कराचीच्या पूर्वेला घारो खाडीच्या काठी, दगडी तट आणि अर्धगोल बुरूज. १९५८ पासून काही वर्षे एफ. ए. खान यांनी तिथे उत्खनन केले. आतल्या मशिदीत हिजरी १०९ चा, म्हणजे इ. स. ७२७ चा लेख मिळाला. सिंधवर अरब आले तेव्हाचे देबल बंदर ते हेच, असे पुष्कळ अभ्यासक मानतात. मी मोबाइलवर बुरुजाचा फोटो काढून दाखवला. त्यांनी तो बोटांनी मोठा करून पाहिला, मग आणखी मोठा केला. इतकी वर्षे गोष्टीतल्या या गावाला भिंत होती, हे त्यांनी आज पहिल्यांदा पाहिले.

उठताना म्हणाल्या, "तेरा तो यहीं है, घंटे भर पे। जा के आ बेटा।"

रविवारी जायचे ठरवले.

१७ नोव्हेंबर, रविवार

ऑटोमोटिव्ह चौक, कामठी, कन्हान, मनसर. तिथून उजवीकडे रामटेक. निवडणुकीच्या प्रचाराचे शेवटचे दिवस, रस्ताभर भोंगे. रामटेकच्या शाळेत मी काही वर्षे होते, तेव्हाचा एक विद्यार्थी नगरधनला शेती करतो. तो वाट पाहत होता.

आधी गडावर जाऊन आले. केवल नरसिंहाचे आणि रुद्र नरसिंहाचे, दोन्ही देवळे वाकाटकांच्या काळातली. लहानशी, ठेंगणी, जाड भिंतींची. केवल नरसिंहाच्या भिंतीतला लेख चुन्याच्या गिलाव्याखाली झाकला होता, १९८० च्या दशकात उघडा झाला. बराचसा भग्न आहे, पण त्यात प्रभावतीचे नाव येते. वरून दक्षिणेकडे पाहिले की सपाट प्रदेश दिसतो, धानाच्या बांध्या आणि मध्येमध्ये पाणी. नंदिवर्धनातून ही टेकडी रोज दिसत असणार. ऋद्धपूरच्या ताम्रपटात प्रभावती दान देते ते रामगिरिस्वामीच्या पायांपाशी. तो देव याच टेकडीवरचा. राजधानी खाली, देव वर, अशी ही जोडजागा होती.

मग नगरधन. धानाची कापणी चालू. विद्यार्थी म्हणाला, "बाई, आधी किल्ला का आधी वावर?" मी म्हटले, वावर.

गावाच्या आसपासची जमीन एकसारखी काळी नाही. मध्येच पांढर लागते. भुरकट, भुसभुशीत, पायाखाली वेगळीच वाटते. जिथे माणसे शेकडो वर्षे राहिली, चुली पेटल्या, भिंती पडल्या, पुन्हा उभ्या राहिल्या, तिथली माती अशी होते. शेतकऱ्याला ते अभ्यासकाच्या आधी कळते. "इथं नांगर खोल गेला का खापरं निघतेतच जी. पाऊस पडून गेला का मंग पाहा, धुऱ्यावर नुसते तुकडेच," तो सांगत होता.

गावाच्या कडेला एका घराच्या पायाचा खड्डा खणलेला होता. गवंडी जेवायला गेला होता, म्हणून काठावर बसून निवांत पाहता आले. वरची वीतभर माती काळी, मुळ्यांनी भरलेली. तिच्याखाली विटांचा चुरा, लालसर, हातभर जाड, त्यात एक अर्धी वीट तिरकी अडकलेली. आजच्या विटेपेक्षा लांबरुंद आणि चपटी. त्याखाली राखेचा बोटभर पट्टा, खड्ड्याच्या तिन्ही बाजूंना एकाच पातळीवर फिरलेला. राखेत एका मडक्याचा काठ, बाहेर वळलेला, लाल, आतून अजून गुळगुळीत. त्याच्याही खाली पिवळी घट्ट माती. मी काहीच उचलले नाही. तो काठ राखेच्या पट्ट्यात आहे तोवर तो काळ सांगतो. माझ्या कपाटात आला की नुसते खापर.

राज्य पुरातत्त्व विभाग आणि पुण्याचे डेक्कन कॉलेज यांनी इथे २०१५ ते २०१८ या काळात उत्खनन केले ते याच पांढरीत. विद्यार्थ्याच्या ओळखीची काही माणसे तेव्हा खणायला होती. त्यांना अजून आठवते की माती घमेल्याने उचलायची नव्हती, आधी खराट्याने झाडायची होती. "सायब लोक एका खापरासाठी अर्धा तास बसत. आम्ही हसायचो. मंग आमालाबी सवय लागली."

शेवटी किल्ला. चौकोनी, बाहेरून तट आणि बुरूज, दरवाजा अजून भक्कम. आत एका बावडीत पायऱ्या उतरून खाली देवीचे ठाणे, अंधार आणि गारवा. वर ऊन रणरणत होते आणि खाली कोणी नुकतीच लावलेली उदबत्ती जळत होती. वास्तू सुंदर आहे, डागडुजीही झाली आहे. तट पाहायला आलेल्या एका कुटुंबाने विचारले, "हा किती जुना?" मी किल्ल्याचे वय सांगितले आणि मग पायाखालच्या जमिनीचे. पहिल्या उत्तराला त्यांनी मान डोलावली, दुसऱ्याला त्यांच्या मुलीने खाली पाहिले.

१८ नोव्हेंबर, सोमवार

काल प्रवासात जे लिहायचे राहिले ते आज.

नगरधनच्या उत्खननात मिळालेली सर्वांत मोलाची वस्तू ६.४० ग्रॅम वजनाची आहे. मातीचे लंबगोल मुद्रांकन. लांबी ३५.७१ मिलिमीटर, रुंदी २४.२० मिलिमीटर, म्हणजे अंगठ्याच्या पेराएवढे. त्यावर ब्राह्मी लिपीत प्रभावतीगुप्तेचे नाव आणि नावाच्या वर शंख. शंख हे विष्णूचे आयुध. ताम्रपटात ती स्वतःला भगवंताची निस्सीम भक्त म्हणवते, त्याला हा ठसा जुळतो.

मुद्रांकन म्हणजे काय ते मुलांना मी असे समजावून सांगते. पत्र किंवा गाठोडे दोरीने बांधायचे, गाठीवर ओल्या मातीचा गोळा दाबायचा आणि त्यावर मुद्रा उठवायची. माती सुकली की ती फोडल्याशिवाय गाठ सुटत नाही. म्हणून मुद्रांकन मिळणे ही मूर्ती मिळण्यापेक्षा वेगळी गोष्ट. मूर्तीवरून श्रद्धा कळते, मुद्रांकनावरून कारभार. कोणीतरी काहीतरी बंद करून पाठवले, कोणीतरी उघडले. ते राणीच्या नावाने होते. ताम्रपट एखाद्या पुण्यदिवशी निघतो, पण असली माती रोज लागते.

आणि ते मिळाले कुठे? एका भल्या थोरल्या भिंतीच्या माथ्यावर. अभ्यासकांच्या मते ही भिंत राजधानीतल्या राजघराण्याच्या वास्तूची असू शकते. मिराशींच्या पिढीने ताम्रपटातल्या नावावरून नंदिवर्धन म्हणजे नगरधन असे ठरवले होते. आता जमिनीने त्याला दुजोरा दिला आहे.

बाकीचे सामानही मला तितकेच प्रिय. काचेच्या वस्तू, कानातली, बांगड्या. दागिने नसलेली साधी गणेशमूर्ती. गाय-बैल, शेळी, मेंढी, डुक्कर, मांजर, घोडा आणि कोंबडी यांची हाडे. मांजर वाचून मला बरे वाटले. जिथे धान्याची कोठारे तिथे उंदीर, आणि उंदीर तिथे मांजर. राजधानी म्हटली की आपण सिंहासन पाहतो, पण ती चालते कोठारांवर.

जवळच्या हमलापुरीत ब्राँझच्या बुद्धमूर्ती मिळाल्या आहेत, त्याही याच सुमाराच्या. नरसिंह, गणपती, बुद्ध, सगळे या दोन-चार कोसांत.

२० नोव्हेंबर, बुधवार

सकाळीच मतदान करून आले. रांगेत तासभर उभी होते.

दुपारी इंग्लंडमधल्या गढ्यांची एक जुनी यादी वाचत बसले. तिला 'बर्गल हायडेज' म्हणतात. आल्फ्रेडनंतर त्याच्या मुलाच्या काळातली मानली जाते. यादीत तीसेक गढ्या आणि प्रत्येकीपुढे एक आकडा. जमिनीच्या 'हाइड' या मापावर हिशेब चाले. दर हाइडमागे एक माणूस. चार माणसांनी सुमारे पाच मीटर तट सांभाळायचा. वॉलिंगफर्डपुढे २४०० हाइड, म्हणून २४०० माणसे, म्हणून तीन किलोमीटर तट. तिथे आजही मातीचा तट उभा आहे आणि त्याची लांबी या हिशेबाच्या जवळपास भरते. तट म्हणजे माणसे, हे त्यांनी सरळ अंकात मांडले.

आपल्याकडे असा हिशेब मिळत नाही. पण ताम्रपटांत त्याची उलटी बाजू मिळते. दान दिलेल्या गावाला कशाकशातून सूट, याची लांब यादी असते. शिपायांनी गावात शिरू नये. दौऱ्यावरच्या अधिकाऱ्यांना गवत, बसायला कातडी, शेगडीला कोळसा देण्याची सक्ती नाही. फुले आणि दूध द्यायला नको. मद्याला लागणारे किण्व नको, खाणीचा हक्क नको, बैल जुंपून द्यायला नकोत. मी ही यादी नेहमी उलटी वाचते. ज्या गावांना सूट नव्हती, म्हणजे जवळजवळ सगळ्याच गावांना, त्यांना हे सगळे द्यावे लागत होते. कोळसा, कातडी, गवत, दूध, बैल. नंदिवर्धनाची ती थोरली भिंत अशाच गावांच्या बैलांनी आणि हातांनी उभी राहिली असणार.

प्रभावतीवर माझा जीव आहे, पण तिच्या लेखातला सगळ्यात खरा मजकूर कोणता म्हणाल तर हाच. वंशावळ प्रत्येक राजा लिहितो. कोळशाचा उल्लेख मात्र चुकून आपल्यासाठी राहिला.

२४ नोव्हेंबर, रविवार

मनसर. प्रवरसेनाचे सुरुवातीचे ताम्रपट नंदिवर्धनाहून निघतात. अकराव्या वर्षीचा बेलोऱ्याचा ताम्रपटही तिथलाच. अठराव्या वर्षीचा चम्मकचा मात्र प्रवरपुराहून. मधल्या काळात राजधानी हलली. प्रवरपूर म्हणजे वर्धेजवळचे पवनार, असे मिराशी म्हणत. पुढे मनसरला जगत्पती जोशी आणि अ. कु. शर्मा यांनी उत्खनन केले, हिडिंबा टेकडीवर विटांचे प्रचंड देवालय उघडे झाले, आणि आता बहुतेक अभ्यासक मनसरच्या बाजूने आहेत. मलाही तेच पटते. आईच्या राजधानीपासून आणि रामगिरीपासून मुलगा फार लांब गेला नाही. याच प्रवरसेनाच्या नावावर 'सेतुबंध' हे महाराष्ट्री प्राकृतातले काव्य आहे.

टेकडीवर चढले तेव्हा खाली महामार्गावर ट्रकांची रांग. पलीकडे मँगनीजच्या खाणीचे ढिगारे. याहून जास्त आज लिहिण्यासारखे नाही.

१ डिसेंबर, रविवार

पवनीला जाऊन आले. उमरेड, भिवापूर, पवनी. भिवापूरला मिरचीचे दिवस अजून यायचे आहेत.

नगरधनला जमिनीखाली शोधावे लागते ते पवनीला उघड्यावर आहे. वैनगंगेच्या काठी, एका बाजूला नदी आणि उरलेल्या बाजूंनी मातीचा अजस्र तट, बाहेर खंदक. वाकाटकांच्याही कितीतरी शतके आधीचा. गाव अजून त्याच्या आतच. तटावर झुडपे, शेळ्या, आणि वरून चालत जाणारी मळलेली पायवाट. ज्याला मातीची तटबंदी म्हणजे काय हे कळत नसेल त्याने इथे येऊन अर्धा तास या पायवाटेने चालावे. एका बाजूला घरांची कौले आणि दुसऱ्या बाजूला खोल खंदकातले गवत पाहिले की दुसरे काही सांगावे लागत नाही.

१९६९-७० च्या सुमारास शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांनी नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांच्या वतीने इथल्या जगन्नाथ टेकडीवर स्तूप उघडा केला. तिथल्या स्तंभावर मुचलिंद नाग कोरलेला आहे, खाली नावासकट. नागपूर जिल्ह्यातच, कुही तालुक्यात, आदम नावाचे छोटे गाव आहे. तिथेही असाच तट आणि खंदक. १९८८ ते १९९२ च्या दरम्यान अमरेंद्र नाथ यांनी तिथे उत्खनन केले आणि अस्सक जनपदाचे नाव असलेले मुद्रांकन मिळाले. किल्ले म्हटले की आपल्या महाराष्ट्राची नजर सह्याद्रीवर जाते आणि तिथेच थांबते. विदर्भातले हे मातीचे कोट त्यांच्याहून हजार-दीड हजार वर्षांनी जुने आहेत. शाळेच्या सहली इथे आल्या पाहिजेत.

पवनीत तटाच्या एका कडेला माती उकरून नेल्याची ताजी खूण दिसली. फावड्याचे काप सरळ, कडा अजून ओल्या. कोणी नेली, कशासाठी, ते विचारले नाही. घराच्या भरावाला असेल. दगड चोरीला गेला तर भिंतीत भोक दिसते. मातीचा तट मात्र नुसता ठेंगणा होत जातो, आणि दहा वर्षांनी तिथे तट होता हे सांगायलाही कोणी उरत नाही.

३ डिसेंबर, मंगळवार

पांढरीचा विषय डोक्यातून जात नाही, म्हणून आज नंदिवर्धनाचे पुढचे टिपून ठेवते.

वाकाटकांच्या हातून ही जागा काही काळ नलांकडे गेली. नल राजा भवदत्तवर्म्याचा ऋद्धपूरला मिळालेला ताम्रपट नंदिवर्धनाहूनच निघालेला आहे. सहाव्या शतकात स्वामिराज. त्याचा ताम्रपट खुद्द नगरधनला मिळाला, कलचुरी संवत ३२२, म्हणजे इ. स. ५७३ च्या सुमाराचा. त्यातले दान महामात्रांच्या, म्हणजे हत्ती सांभाळणाऱ्यांच्या, गणाच्या विनंतीवरून दिलेले आहे. म्हणजे राजधानीचा मान गेल्यावरही इथे हत्ती होते आणि त्यांच्या माणसांचा संघ होता. मग राष्ट्रकूट. कृष्ण तिसऱ्याचा देवळीचा ताम्रपट, शक ८६२, इ. स. ९४०. त्यात प्रदेशाचे नाव येते नागपूर-नंदिवर्धन. आपल्या नागपूरचा हा फार जुना उल्लेख, आणि तो एकट्याने येत नाही, नंदिवर्धनाचा हात धरून येतो. एथेलफ्लेड जाऊन तेव्हा बावीस वर्षे झाली होती.

काल विद्यार्थ्याचा फोन आला. त्या पायाच्या खड्ड्यात काँक्रीट पडले. ज्याने घर बांधले त्याला मी दोष देणार नाही. त्याची पोरे कुठे राहतील? पण पाया भरण्याआधी कोणी एक दिवस येऊन ते थर मोजून, फोटो काढून, काठ कुठल्या पातळीवर होता ते लिहून ठेवले असते तर घरही झाले असते आणि नोंदही राहिली असती. अशी सोय गावपातळीवर हवी. नागपूरला पुरातत्त्वाची कार्यालये आहेत, विद्यापीठात प्राचीन इतिहासाचा विभाग आहे, मुले शिकतात. नगरधन, मनसर, पवनी, आदम या चार गावांत खड्डा खणायच्या आधी ग्रामपंचायतीने एक फोन करायचा आणि तिकडून दोन विद्यार्थ्यांनी दुचाकीवर यायचे, इतके साधे काम आहे. ग्रामसभेत हा विषय मांड, असे मी विद्यार्थ्याला सांगितले. अर्ज मी लिहून देते. तो हो म्हणाला.

दादींना पवनीच्या तटाचे फोटो दाखवले. त्यांना ते मातीचे वाटेनात, टेकडी वाटली. पुढच्या खेपेला त्यांना घेऊनच जाणार आहे.

ही पाने कोणाच्या हाती पडली तर एवढेच मागणे. नगरधनला जा. किल्ला पाहून झाला की गावाच्या कडेने पांढरीत दहा मिनिटे उभे राहा, आणि मुलांना सांगा की इथून एका बाईने विदर्भाचा कारभार पाहिला. खापर दिसले तर पाहा आणि तिथेच ठेवा. शेतात, विहिरीत, पायाच्या खड्ड्यात नाणी, ताम्रपट, मूर्ती असे काही मिळाले तर सोनाराकडे किंवा तांबटाकडे नेऊ नका. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचे असते. तलाठ्याला सांगितले तरी निरोप पोचतो.

ग्रामसभेचा अर्ज आज लिहून पाठवला.